पच्चक्खाणाचे कोष्टक आणि पडवीतील शेवंती

भोरच्या बाजारपेठेतील असो वा नसरापूर-वेल्हे रस्त्यावरील एखाद्या गावातील, जैन घरात स्वयंपाकघराच्या दाराजवळ बहुधा एक छापील कोष्टक टांगलेले असते. सूर्योदय, नवकारशी, पोरसी, साढपोरसी, पुरिमड्ढ, सूर्यास्त असे त्याचे रकाने. घरातील ज्येष्ठ मंडळी सकाळी तोंडात पाणी घेण्यापूर्वी त्यावर नजर टाकतात आणि सायंकाळी चौविहारासाठी ताटे कधी वाढायची हेही त्यावरूनच ठरते. पिढ्यान्‌पिढ्या हे कोष्टक व्रतनियमांसाठी वापरले गेले. त्याच कोष्टकात अंगणातील शेवंती केव्हा कळी धरणार आणि पॉइनसेटियाची पाने केव्हा लाल होणार याचेही उत्तर आहे, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात आलेले नसते.

कोष्टक पुण्याचे असले तरी भोरला चालते. फरक पडला तर मिनिटभराचा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात या भागात दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुमारे अकरा तासांचा. पोरसी म्हणजे दिवसाचा पहिला प्रहर, दिवसमानाचा चौथा भाग. म्हणून जूनमध्ये पोरसी सूर्योदयानंतर जवळजवळ तीन तास अठरा मिनिटांनी येते, तर डिसेंबरात दोन तास पंचेचाळीस मिनिटांतच येऊन ठेपते. उत्तराध्ययन सूत्राच्या सामाचारी अध्ययनात पोरसीचे माप सावलीवरून दिले आहे : आषाढात सावली दोन पदांची, पौषात चार पदांची, चैत्र आणि आश्विनात तीन पदांची. घड्याळ नसलेल्या काळात साधूंनी वर्षभराचा प्रकाश असा मोजला होता. झाडेही प्रकाशच मोजतात. त्यांची पद्धत तेवढी वेगळी आहे.

कोष्टक वाचताना एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. नुसत्या सूर्यास्ताच्या रकान्यावर विसंबून चालत नाही. आपल्याकडे सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस आणि सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला. सर्वांत लहान दिवस या दोहोंच्या मध्ये, २१-२२ डिसेंबरच्या सुमारास पडतो. चौविहाराची घाई कार्तिकात सर्वांत जास्त जाणवते ती यामुळेच. दिवसमान हवे असेल तर सूर्यास्तातून सूर्योदय वजा केला पाहिजे.

ही वजाबाकी महिनोन्‌महिने केली तर आणखी एक गोष्ट दिसते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात दिवस जवळजवळ जागच्या जागी थांबलेला असतो. ऑगस्टच्या मध्याला तो पावणेतेरा तासांवर आलेला असतो, सप्टेंबरच्या आरंभी साडेबारा तासांवर, ऑक्टोबरच्या मध्याला पावणेबारा तासांवर. भाद्रपद-आश्विनात तो रोज सुमारे एका मिनिटाने आखडतो. लंडनमध्ये जून आणि डिसेंबर यांच्या दिवसांत जवळजवळ नऊ तासांचे अंतर पडते, दिल्लीत साडेतीन तासांहून थोडे अधिक. भोरला हे अंतर जेमतेम सव्वादोन तासांचे. एवढ्या किरकोळ शिलकेवर येथील झाडांनी आपला सारा व्यवहार बसवला आहे. म्हणूनच त्यात थोडी जरी गडबड झाली तरी हिशेब चुकतो.

तो चुकतो कसा, याचा अनुभव या दोन तालुक्यांतील बऱ्याच घरांना आलेला असेल. शेवंतीचे रोप जोमाने वाढते, पाने हिरवीगार असतात, खत-पाण्यात काही कमी केलेले नसते. दिवाळी येते, जाते, पण कळीचा पत्ता नाही. शेजारच्या घरामागे, कुणी फारसे लक्षही न दिलेले त्याच काशीचे रोप मात्र फुलांनी लगडलेले. मग खताला दोष दिला जातो, मातीला दिला जातो, क्वचित नजर लागल्याचेही बोलले जाते. खरे कारण बहुतेक वेळा कुंडीच्या डोक्यावरच लटकत असते. ते म्हणजे पडवीतील रात्रभर जळणारा दिवा.

फुलण्याचा दिवसमानाशी संबंध आहे, हे विज्ञानाला नेमके कळून जेमतेम शंभर वर्षे झाली. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अॅलर्ड हे दोन शास्त्रज्ञ तंबाखूच्या एका जातीने गोंधळून गेले होते. ‘मेरिलँड मॅमथ’ नावाची ही जात उन्हाळ्यात शेतात माणसाहून उंच वाढे, पण फुलत नसे. तीच हिवाळ्यात काचघरात लहानपणीच फुले. सोयाबीनचे कोडे दुसरे होते. आठवड्या-पंधरवड्याच्या अंतराने पेरलेली रोपे वयाने लहानमोठी असूनही साधारण एकाच सुमारास फुलत. उष्णता, ओलावा, खत असे सारे तपासून झाल्यावर त्यांनी भर उन्हाळ्यात काही रोपे दुपारी चार वाजता एका अंधाऱ्या खोलीत नेऊन सकाळी बाहेर काढण्याचा क्रम ठेवला. अंधारात ठेवलेली रोपे फुलली, बाहेरची तशीच राहिली. १९२० साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसमानाला झाडे देत असलेल्या या प्रतिसादाला तेव्हापासून फोटोपिरिऑडिझम असे नाव मिळाले. दिवस ठरावीक मर्यादेखाली आला की फुलणारी ती लहान दिवसाची झाडे, मर्यादेपुढे गेला की फुलणारी ती मोठ्या दिवसाची, आणि ज्यांना त्याचे सोयरसुतक नाही ती तटस्थ, अशी विभागणीही त्यातूनच झाली.

या नावांत एक चूक राहून गेली. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या तणावर, आपल्या बांधावरच्या लांडग्यावर, प्रयोग केले. दिवसा मध्येच थोडा वेळ अंधार केला तर त्या तणाला काहीच फरक पडला नाही. मात्र लांबलचक रात्रीच्या मध्ये काही मिनिटे दिवा लावला, की फुलणे थांबले. याचा अर्थ झाड दिवस मोजत नाही, ते सलग अंधार मोजते. ‘लहान दिवसाचे’ म्हणवले जाणारे झाड वस्तुतः ‘मोठ्या रात्रीचे’ आहे. मध्यरात्री दिवा लागला की दहा-बारा तासांची एक रात्र त्याच्या लेखी पाच-सहा तासांच्या दोन रात्री होतात, आणि मागची शिलक पुढे ओढली जात नाही. खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते.

मोजणारा कारकून पानात बसलेला असतो. फायटोक्रोम नावाचे एक रंगद्रव्य तांबड्या प्रकाशाने एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते आणि अंधारात सावकाश मूळ रूपाकडे परतते. झाडाचे स्वतःचे आतले घड्याळही असते. त्या घड्याळाच्या कोणत्या घटकेला पानावर प्रकाश पडला यावरून झाड रात्रीची लांबी ताडते. मग पान शेंड्याकडे निरोप धाडते. रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात या अज्ञात निरोप्याला फ्लोरिजेन असे नाव दिले. पण तो हाती लागायला २००७ साल उजाडावे लागले. तो एक लहानसे प्रथिन आहे, आणि ज्या दोन वनस्पतींत तो पक्का सापडला त्यांपैकी एक आहे भात. पुढे जपानी संशोधकांनी असेही दाखवून दिले, की भाताच्या रोपाला दिवसमानातील अवघ्या अर्ध्या तासाचा फरक ओळखता येतो. भोर-वेल्ह्याच्या खाचरांत जुन्या गरव्या भाताची लावणी आठ-पंधरा दिवस पुढेमागे झाली तरी लोंबी निसवण्याच्या वेळेत तेवढा फरक पडत नसे, हे येथील शेतकऱ्याला प्रयोगशाळेवाचूनही ठाऊक होते.

जैन दर्शनाने वनस्पतीला एकेंद्रिय मानले आहे. तिच्या वाट्याला स्पर्श हे एकच इंद्रिय. डोळ्यांवाचून हा जीव उजेडाची मोजदाद कशी करत असेल, याचे कुतूहल वाटणे साहजिक आहे. पानाला प्रकाश दिसत नाही, तो पानाला भिडतो आणि त्या भिडण्याने पानातील द्रव्य पालटते, एवढे विज्ञान सांगते.

या परिसरात अंधाराची मोजणी पाहायची तर तेरड्यासारखे झाड नाही. पहिल्या पावसानंतर राजगड-तोरण्याच्या उतारांवर, रायरेश्वराच्या वाटेवर, भाटघरच्या काठाने तो उगवतो. कुठे जूनमध्ये, कुठे जुलैमध्ये. कुठे वीतभर, कुठे कमरेएवढा. फुलतो मात्र सारा एका सुमाराला, गौरी घरोघर येण्याच्या दिवसांत, आणि डोंगरचे डोंगर गुलाबी होतात. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात नंदा आणि कृष्णमूर्ती यांनी १९६० च्या दशकात बागेतील तेरड्यावर प्रयोग केले. मोजके लहान दिवस मिळाले की तेरडा कळ्या धरतो. पण लगेच त्याला पुन्हा मोठ्या दिवसांत ठेवले तर धरलेली कळी मागे फिरते आणि तिच्या जागी पाने फुटू लागतात. फुलण्याचा निर्णय फिरवणारे असे झाड विरळाच. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण म्हण या अर्थानेही शोभते.

तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात, म्हणजे आता ज्या तालुक्याला राजगड हे नाव मिळाले आहे तेथे, एक शंका हमखास निघते. डोंगरांमुळे तेथे ऊन उशिरा येते आणि लवकर जाते. मग तेथील झाडांचा दिवस भोरच्या झाडांपेक्षा लहान नाही का? नाही. सूर्य कड्याआड गेला तरी आकाशाचा उजेड उरतोच, आणि मोजणीपुरता तेवढा उजेड झाडाला भरपूर होतो. आषाढातील काळ्याकुट्ट ढगांनीही त्याची फसगत होत नाही. सूर्योदयापूर्वीचा आणि सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाशही ते दिवसातच धरते. म्हणून कोष्टकातील दिवसमानात साधारण अर्धा-पाऊण तास मिळवला की झाडाचा दिवस निघतो. पौर्णिमेचे चांदणे मात्र इतके मंद असते की बहुतेक झाडे ते हिशेबात घेत नाहीत. घोटाळा होतो तो चांदण्याच्या कैक पटींनी प्रखर असलेल्या रस्त्यावरच्या आणि ओसरीवरच्या दिव्यांमुळे. इतक्या अल्प उजेडाला प्रतिसाद देणारी ही नाजूक यंत्रणा डोंगराच्या सावलीला दाद देत नाही, पण चाळीस वॅटच्या दिव्यापुढे हार खाते.

आणि येथेच भोर-वेल्ह्याची अडचण अन्य गावांहून वेगळी ठरते. सह्याद्रीच्या ऐन धारेलगतचा हा मुलूख. पाऊस असा, की उघड्यावरच्या कुंडीत शेवंतीची मुळे कुजून जातात. त्यामुळे शहाणी गृहिणी जूनमध्ये कुंड्या उचलून पडवीत, पागोळ्यांच्या आत आणून ठेवते. पावसापासून रोप वाचते. पण पडवीत दिवा असतो. पूर्वी तो संध्याकाळी कंदिलाच्या रूपाने घटकाभर येई आणि माणसे निजली की मालवला जाई. आता विजेचा खर्च कमी करणारे पांढरे दिवे आले आणि रात्रभर जळू लागले. वाटेवर सौरदिवे उभे राहिले. पानशेत आणि गुंजवणीच्या पाण्याकाठी पर्यटकांसाठी बांधलेल्या बंगल्यांत झोतदिवे लागले. पावसाळा सरल्यावर कुंडी अंगणात परत नेण्याचा आळस झाला, तर कळी धरण्याचे नेमके दिवस, भाद्रपद आणि आश्विन, ती त्या दिव्याखाली घालवते. पॉइनसेटियाच्या झुडपाचे एक अंग लाल आणि रस्त्याकडचे अंग हिरवे असे दृश्य कुठे दिसले, तर ते याच दिव्याचे काम समजावे. प्रत्येक पान आपापल्या वाट्याचा उजेड मोजत असते.

शेवंतीचे वेळापत्रक तेवढे नीट समजून घेण्याजोगे आहे. बहुतेक जातींना कळी धरायला दिवस साडेतेरा तासांच्या आत यावा लागतो आणि ती कळी उमलण्याइतकी वाढायला त्याहूनही लहान. संधिप्रकाश धरला तर आपला जूनचा दिवस या मर्यादेच्या किंचित वर राहतो. श्रावणात तो खाली उतरतो, भाद्रपदात कळीचा निर्णय होतो, आणि जातीनुसार सात ते चौदा आठवड्यांनी फूल येते. म्हणून शेंडे खुडायचे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतच. पर्युषणाच्या दिवसांत खुडलेला शेंडा म्हणजे पुष्कळदा खुडलेले फूलच असते. पॉइनसेटियाची छाटणीही ऑगस्टअखेर आटोपावी (त्याचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो, हे विसरू नये). त्याला साधारण बारा तास वीस मिनिटांच्या आतला दिवस हवा असतो, आणि लाल रंग, जो फुलाचा नसून फुलाभोवतीच्या पानांचा असतो, पुरता चढायला अखंड अंधाराच्या रात्री आठ-दहा आठवडे मिळाव्या लागतात.

बागेतील बाकीची मंडळी इतकी काटेकोर नाहीत. झेंडू अर्धा ऐकतो : दिवस लहान झाला की लवकर फुलतो, मोठा असला तरी उशिरा का होईना फुलतोच. कॉसमॉस आणि झिनिया त्याच वळणाचे. कलांचो मात्र शेवंतीसारखा कडक. चायना अॅस्टरचा स्वभाव चमत्कारिक आहे. दांडा उंच व्हायला त्याला मोठे दिवस लागतात, आणि थंडीत उशिरा लावलेले रोप जमिनीलगत पानांचा चक्राकार गुच्छ करून बसते. पिटुनिया आणि कार्नेशन मोठ्या दिवसांकडे झुकणारी. गुलाब आणि जास्वंद दिवसाकडे लक्ष देत नाहीत, आणि सदाफुलीने तर आपल्या नावातच ते सांगून ठेवले आहे. मोगऱ्याचे नाते छाटणी, पाण्याचा ताण आणि उन्हाळ्याची ऊब यांच्याशी जास्त. पारिजातक आणि रातराणी रात्री उमलतात म्हणून त्यांना या यादीत ओढण्याचे कारण नाही. फूल कोणत्या घटकेला उमलते आणि झाड कोणत्या ऋतूत कळी धरते, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

व्यापारी फुलशेतीने हे सारे ज्ञान केव्हाच कमाईत आणले आहे. हरितगृहात शेवंतीच्या रोपांवर रात्री दहा ते दोनच्या दरम्यान दिवे लावून तिला हवे तितके दिवस नुसते वाढू देतात. दांडा पुरेसा उंच झाला की दिवे बंद करतात, आणि उन्हाळ्यात फूल हवे असेल तर सायंकाळी पाचपासून सकाळपर्यंत काळे कापड ओढून रात्र लांबवतात. ग्राहकाला बारमाही शेवंती मिळते ती अशी. उघड्या शेतातला शेतकरी अंधाराला लगाम घालू शकत नाही. पण तो लावणीची तारीख आणि जात निवडतो, आणि दसरा-दिवाळीला गुलटेकडीच्या बाजारात माल उभा करतो. त्याच्या शेताच्या कडेला उद्या रात्रभर जळणारा उंच दिवा उभा राहिला, तर त्या बाजूच्या ओळींचा तोडा लांबेल आणि सणाचा भाव हुकेल. ते नुकसान कुठल्याही वहीत दिव्याच्या नावे मांडले जाणार नाही.

घरगुती उपाय बिनखर्ची आहे. गणपतीनंतर पावसाचा जोर ओसरला, की कुंड्या दिव्याच्या टप्प्याबाहेर, घराच्या मागील अंगाला न्याव्यात. तेथे दिवसा पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे, एवढे पाहावे. पाऊस लांबला आणि हलवणे शक्य नसले, तर सायंकाळी सहाला कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे व सकाळी सातला काढावे. हा नेम आठ आठवडे मोडता कामा नये; एखाद्या रात्रीची चूक खपून जाते, आठवड्यातून दोन-तीन चुका मात्र कळ्या रोखतात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे निजण्यापूर्वी पडवीचा दिवा मालवणे. जैन घरांत तो नवा नाही. दिव्यावर झेपावून पाकोळ्या आणि चिलटे मरतात, म्हणून सूर्यास्तानंतर चूल आणि दिवा आवरते घेण्याची रीत या घरांनी पूर्वापार पाळली. त्या रीतीमागे शेवंतीचा विचार नव्हता. पण आजीच्या काळातील अंगणे फुलत होती, त्यात त्या मालवलेल्या दिव्याचाही वाटा होता. जी घरे फूल तोडत नाहीत, झाडावरच पाहून समाधान मानतात, त्यांना तर ते वेळेवर येण्याचे महत्त्व अधिकच.

दिवसमानाने सारेच उलगडते असे मात्र नाही. याच डोंगरांवरची कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. सहा पावसाळे तोच दिवस, तीच रात्र तिच्या पानांवरून जाते आणि ती हलत नाही. सात वर्षे ती कशी मोजते, हे कोडे अजून सुटलेले नाही.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचे विहार सुरू होतात, तेव्हा अंधारात राहिलेली शेवंती भर बहरात असते. बहर ओसरल्यावर दांडे जमिनीपासून चार बोटांवर कापावेत. बुंध्याशी फुटलेल्या काश्या थंडीभर खुरट्या दिसतील. त्यांना उपटू नये, पाणी बेताने द्यावे. माघ-फाल्गुनात दिवस वाढू लागला की त्या आपोआप उंच होतात, आणि पुढल्या वर्षाची रोपे त्यांतूनच निवडायची असतात.